पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि वंगण : एका मताचा इतिहास

घर्षणाचे मूळ पृष्ठभागाच्या खडबडीतपणात आहे, हे मत आमोंतों याने १६९९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. एका पृष्ठावरील उंचवटे दुसऱ्याच्या खळग्यांत अडकतात, ही त्यामागील कल्पना. पुढे कूलंबनेही बहुतांशी तीच स्वीकारली. या मताप्रमाणे वंगणाचे काम फार तर खळगे भरून काढण्याचे उरते. डेझाग्युलिए याने १७३४ मध्येच धातूंचे पृष्ठ अतिशय घोटल्यास घर्षण उलट वाढते असे नमूद केले होते; परंतु त्याची ही नोंद दीर्घकाळ उपेक्षित राहिली.

या मताला धक्का बसला तो अनपेक्षितपणे. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशाँ टॉवर हा तेलात फिरणाऱ्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर छिद्र पाडले, तो त्यातून तेलच वर येऊ लागले! छिद्रात ठोकलेली लाकडी खुंटीही बाहेर ढकलली गेली. दाबमापक लावता दर चौरस इंचास २०० पौंडांहून अधिक दाब आढळला. भाराचा सरासरी दाब मात्र १०० पौंडच होता. म्हणजे आस धातूवर नव्हे, तेलावर तरंगत होता. रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये याची गणिती उपपत्ती दिली. तीत पृष्ठभाग सर्वस्वी गुळगुळीत मानलेले आहेत. खडबडीतपणा जणू विषयातूनच हद्दपार झाला.

तो परत आला मोजमापाच्या वाटेने. सूक्ष्म सुईने पृष्ठाचे चढउतार रेखाटणारी उपकरणे १९३० नंतर प्रचारात आली. बोडन आणि टेबर यांनी खरा स्पर्श मोजक्या उंचवट्यांच्या माथ्यांवरच होतो असे दाखविले. मग प्रश्नाचे रूपच पालटले. पृष्ठ किती खडबडीत, यापेक्षा तेलपटलाच्या जाडीच्या मानाने किती, हे महत्त्वाचे ठरले. दोन्ही पृष्ठांच्या एकत्रित खडबडीतपणाच्या सुमारे तिप्पट पटल असल्यास धातूचा स्पर्श बहुधा टळतो. ते एकपटीहून कमी झाल्यास भार मुख्यतः उंचवट्यांवर येतो.

डेझाग्युलिएच्या नोंदीचे मोल येथे जाणवते. एंजिनाच्या सिलिंडरच्या आतील भिंतीवर मुद्दाम तिरकस, परस्परांस छेदणाऱ्या बारीक चरा ठेवतात. माथे घासून सपाट केलेले असतात, तर चरांत तेल साठून राहते. ती भिंत आरशासारखी गुळगुळीत झाली की तेल टिकत नाही, आणि दट्ट्याची कडी तिला खरचटू लागते.