परदेशी निघताना स्वातंत्र्याचाही हिशेब हवा
प्रतिनिधी, यवतमाळ

यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा किंवा उमरखेडच्या एखाद्या घरात परदेशी जाण्याचा विषय निघाला, की पहिला हिशेब पैशांचा होतो. कर्ज किती काढावे लागेल, पगार किती मिळेल, रुपयांत त्याचे किती होतील? दुसरा हिशेब घराचा असतो. आई-वडिलांकडे कोण पाहणार, शेती कोण वाहणार? तिसरा हिशेब मात्र बहुधा राहून जातो. तो आहे व्यक्तिस्वातंत्र्याचा.

अमुक देशात मोकळीक आहे आणि तमुक देशात नाही, अशी ढोबळ विभागणी आपण सहज करतो. ती पुरेशी नाही. एकाच देशात नागरिक, कायम रहिवासी, नोकरदार, विद्यार्थी आणि नोकरदाराची पत्नी यांना मिळणारे हक्क वेगवेगळे असतात. त्यामुळे देश किती मोकळा आहे, यापेक्षा त्या देशात आपण कोणत्या नात्याने राहणार आहोत, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

वणीच्या बापूजींचा अनुभव

या प्रश्नाशी यवतमाळ जिल्ह्याचे जुने नाते आहे. वणी येथे १८८० साली जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी १९३० मध्ये पुसद येथे जंगल सत्याग्रह करून कारावास पत्करला. पुढे १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांच्याकडे परदेशस्थ भारतीयांचे खाते आले. फेब्रुवारी १९४३ मध्ये महात्मा गांधींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला आणि त्याच वर्षी ते भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले. १९४७ पर्यंत ते तेथे होते.

सिलोनच्या चहामळ्यांत भारतीय वंशाची लाखो माणसे राबत होती. कित्येकांचा जन्मही तेथलाच होता. तरीही स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये झालेल्या नागरिकत्व कायद्याने त्यांतील बहुसंख्यांना नागरिकत्व नाकारले. पाठोपाठ मताधिकारही गेला. १९६४ च्या शास्त्री-सिरिमाव्हो कराराने सव्वापाच लाख माणसे भारताने स्वीकारावीत आणि तीन लाख सिलोनने, अशी वाटणी ठरली. दीड लाख लोकांचा निर्णय तर त्या वेळी लांबणीवरच टाकण्यात आला. पिढ्यान्‌पिढ्या राहिल्याने हक्क आपोआप पदरात पडत नाहीत, हा या इतिहासाचा धडा आहे.

जाण्याचा हक्क आणि पारपत्र

परदेशी जाणे हा भारतीय नागरिकाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २५ जानेवारी १९७८ रोजी हे तत्त्व भक्कमपणे मांडले. १९६७ च्या पारपत्र कायद्यानुसार पारपत्र, म्हणजे पासपोर्ट, ही भारत सरकारची मालमत्ता आहे. ते अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणाही मालकाला किंवा दलालाला नाही.

तरीही आखाती देशांत कामगारांची पारपत्रे काढून घेतल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. तेथील ‘कफाला’ पद्धतीत परदेशी कामगाराचा निवासाचा परवाना मालकाशी जोडलेला असतो. त्यामुळे नोकरी सोडली की देशात राहण्याचा आधारही डळमळतो. कतारने २०१८ पासून बहुतेक खासगी कामगारांसाठी देश सोडण्याच्या परवान्याची अट काढली आणि २०२० मध्ये नोकरी बदलताना जुन्या मालकाच्या संमतीची गरजही रद्द केली. याउलट कुवेतने १ जुलै २०२५ पासून खासगी क्षेत्रातील परदेशी कर्मचाऱ्यांना देशाबाहेर जाण्यासाठी मालकाच्या मंजुरीचा परवाना सक्तीचा केला. शेजारशेजारचे दोन देश, पण नियमांची दिशा उलट! म्हणूनच पाच वर्षांपूर्वी गेलेल्या नातेवाइकाच्या माहितीवर विसंबू नये.

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांना आखाती देशांसह ठराविक १८ देशांत नोकरीसाठी जाताना १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली आधी सरकारी परवानगी घ्यावी लागते. अनेकांना ही अट जाचक वाटते. तिचा हेतू मात्र कामगाराचा करार तपासला जावा, हा आहे. ‘पर्यटक व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बघू’ असे सांगणारा दलाल नेमके हेच संरक्षण काढून घेत असतो.

जोडीदाराचे काय?

शिकलेल्या कुटुंबांत अडचण वेगळीच असते. अमेरिकेत ‘एच-१बी’ व्हिसावर गेलेल्या नोकरदाराच्या जोडीदाराला ‘एच-४’ व्हिसा मिळतो. त्यावर नोकरी करता येत नव्हती. २६ मे २०१५ पासून काहींना मुभा मिळाली, तीही नोकरदाराच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया विशिष्ट टप्प्यावर पोहोचल्यावर. लग्न ठरविताना मुलाचे पॅकेज विचारले जाते. अभियंता असलेल्या मुलीला तेथे गेल्यावर काम करता येईल का आणि केव्हा, हे क्वचितच कोणी विचारते. स्वतःचे उत्पन्न नाही आणि निवासाचा हक्कही पतीच्या नोकरीवर अवलंबून, अशा स्थितीत संसारात बिनसले तर तिच्यापुढे फार थोडे मार्ग उरतात. ब्रिटनने तर जानेवारी २०२४ पासून संशोधनेतर अभ्यासक्रमांच्या बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेण्याची सवलतच बंद केली.

बोलणे, लिहिणे आणि घर

आपल्या राज्यघटनेतील अनुच्छेद १९ चे भाषण व संघटनेचे स्वातंत्र्य फक्त नागरिकांसाठी आहे. परदेशात गेल्यावर आपण नेमके या रेषेच्या पलीकडे असतो. सिंगापूरमध्ये सभा-निदर्शनांवर कडक निर्बंध असून परदेशी व्यक्तींना त्यांत सहभागी होण्याची मोकळीक नाही. संयुक्त अरब अमिरातीत मोबाइलवरून अपमानास्पद मजकूर पाठविणे गुन्हा ठरू शकते. अमेरिकेने जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरील खाती सर्वांसाठी खुली ठेवण्यास सांगितले.

घरातही कायदा येतो. नॉर्वेत मुलांना मारण्यास १९८७ पासून बंदी आहे. तेथील बालकल्याण यंत्रणेने २०११ मध्ये एका भारतीय दांपत्याची दोन मुले ताब्यात घेतली होती. दोन्ही देशांच्या सरकारांत बोलणी झाल्यावर २०१२ मध्ये मुले काकांच्या स्वाधीन करण्यात आली.

मात्र हा हिशेब केवळ वजाबाकीचा नाही. रात्री एकटीने फिरणे, जात न सांगता घर भाड्याने मिळणे, ‘चार लोक काय म्हणतील’ याचा धाक न बाळगता जोडीदार निवडणे, यांसाठीही माणसे देश सोडतात. समलिंगी संबंध भारतात ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने गुन्हा राहिले नाहीत, पण विवाहाला मान्यता नाही. नेदरलँड्सने ती २००१ मध्येच दिली, तर अनेक आखाती देशांत असे संबंध आजही शिक्षेस पात्र आहेत. एकाला जेथे दार उघडते, तेथेच दुसऱ्याला ते बंद असू शकते.

मत आणि सातबारा

दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते. ‘ओसीआय’ कार्डाने आजीवन ये-जा करता येते, पण मतदानाचा हक्क मिळत नाही. नागरिकत्व कायम ठेवून परदेशी राहणाऱ्यांना २०१० च्या दुरुस्तीने मतदार होता येते, मात्र मत देण्यासाठी स्वतः गावी यावे लागते.

कापूस-सोयाबीनच्या या जिल्ह्यासाठी आणखी एक बाब मोलाची आहे. अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक दोघांनाही भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली ठेवता येते. ‘डॉलर कमावू आणि परत येऊन गावी शेती घेऊ’ असे म्हणणाऱ्यांनी हा नियम आधीच ध्यानात ठेवावा.

निघण्यापूर्वी विचारा

- माझे पारपत्र कोणाजवळ राहणार?
- नोकरी सुटली तर किती दिवस राहता येईल? मालक बदलता येईल का?
- जोडीदाराला काम करण्याची मुभा आहे का? विभक्त झाल्यास निवासाचे काय?
- लेखन, धर्माचरण, पेहराव आणि खासगी संबंध यांवर कोणते कायदे आहेत?
- मनात येईल त्या दिवशी परत येता येईल का?

यांची उत्तरे संबंधित देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर आणि नोकरीच्या करारात शोधावीत. करार समजेल अशा भाषेत वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. पगाराचा आकडा कमी निघाला तर दुसरी नोकरी शोधता येते. ती शोधण्याचीच मोकळीक नसेल, तर मोठा पगारही फारसा कामाचा नाही.