लोकवर्गणीची शाळा आणि तिचे संमेलन

बारवी नदीवर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने 1972 साली जे धरण बांधले ते मुख्यतः कारखान्यांची तहान भागविण्यासाठी. पुढे त्याच्या पाण्यावर कारखान्यांबरोबर उल्हास खोऱ्यातील नगरेही पोसली जाऊ लागली, मागणी वाढली तशी धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवावी लागली, आणि ती वाढताना कित्येक गावपाड्यांना आपली घरे, खाचरे आणि देवस्थाने सोडून उठावे लागले. याच खोऱ्यातले अंबरनाथचे शिवालय शके 982चे, म्हणजे इ. स. 1060चे, शिलाहारांच्या अमदानीतले. परंतु त्याच्या आसपास आज जी दाट लोकवस्ती आहे तिच्यातील फार थोड्या कुटुंबांना आपले कुलदैवत या तालुक्यात दाखविता येईल. कोणी फाळणीनंतर सिंधमधून आलेले, कोणी आगकाड्यांच्या कारखान्यात रोजगार मिळेल म्हणून घाटावरून उतरलेले, कोणी मुंबईत जागा परवडेना म्हणून लोकलच्या रुळांबरोबर सरकत सरकत बदलापूरपर्यंत पोचलेले. ज्या वस्तीला स्वतःची ग्रामदेवता नाही, तिला स्वतःची जत्राही नसते. आणि ही उणीव या मुलखात, कोणी तशी तजवीज केलेली नसताना, खासगी शाळेने भरून काढली आहे.

दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू झाले की येथील कोणत्याही खासगी शाळेच्या फाटकाशी शाळा सुटण्याच्या वेळी थोडे थांबावे. मुलाच्या दप्तरातून एक घडी पडलेला कागद निघतो आणि आई तो तेथेच, उन्हात उभ्या उभ्या वाचते. सहलीचा दिवस, शुल्क, सोबत डबा व पाण्याची बाटली, खाली फाडून परत द्यावयाचे पालकांचे संमतीपत्र, मग क्रीडामहोत्सव, मग संक्रांतीनंतर मातांसाठी हळदीकुंकू, स्काउट-गाइडांची ‘खरी कमाई’, ज्यात मुलांनी भेळ कालवावयाची आणि मुख्याध्यापकांनी ती पैसे देऊन खावयाची, आणि सर्वांवर कळस म्हणून वार्षिक स्नेहसंमेलन, त्यात इयत्ता तिसरीच्या कोळीनृत्यासाठी लागणारे लुगडे पालकांनी भाड्याने आणावयाचे की शाळा देणार, हा प्रश्न त्या कागदात हटकून संदिग्ध ठेवलेला. हा कागद क्षुल्लक दिसतो; पण त्याची वंशावळ उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही नगरांच्या आजच्या वस्तीहून जुनी आहे.

इंग्रजी अंमलापूर्वीची पंतोजींची शाळा ही पूर्णार्थाने खासगी होती. तिला सनद नव्हती, तनखा नव्हता. ओसरीवर किंवा देवळाच्या पडवीत ती भरे आणि पालक धान्य वा नाणे देत त्यावर पंतोजींचा चरितार्थ चाले. तिच्या सामुदायिक जीवनाचा एकच अवशेष आजवर टिकला आहे, तो म्हणजे दसऱ्याचे पाटीपूजन : एकाचा आकडा ओळीने जुळवून पाटीवर काढलेली सरस्वती. सिमेंटच्या पाचमजली शाळेत, संगणकाच्या खोलीशेजारी, आजही ती काढली जाते.

आपण ज्याला संमेलन म्हणतो त्याचे खरे मूळ मात्र जाहीर परीक्षेत आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली तेव्हा तिच्यामागे सरकारी खजिना नव्हता, तसाच समाजाचा विश्वासही नव्हता. दोन्ही मिळवावयाचे होते. ज्या शाळेला वर्गणीवर जगावयाचे असते तिला आपले काम चारचौघांपुढे मांडावे लागते. म्हणून विद्यार्थिनींची परीक्षा बंद खोलीत न घेता प्रतिष्ठित नागरिक, गोरे अधिकारी आणि बघे यांच्यासमोर घेतली जाई, उत्तम उत्तरे देणाऱ्या मुलींना बक्षिसे वाटली जात, आणि जमलेल्यांपैकी कोणी द्रव्यसाहाय्य करी. 16 नोव्हेंबर 1852 रोजी विश्रामबाग वाड्यात इंग्रज अधिकारी मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन जो गौरव झाला, तो या प्रकारच्या जाहीर दर्शनाचाच सरकारी आविष्कार होय. आजच्या पारितोषिक वितरणात मंचावर जी खुर्च्यांची रांग मांडलेली असते आणि तिच्यात मधोमध जो प्रमुख पाहुणा बसलेला असतो, तो या जुन्या परीक्षक-देणगीदाराचा वंशज आहे; तो उशिरा येतो आणि फार वेळ बोलतो, हे त्याने स्वतः मिळविलेले गुण.

1854च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदानाचा मार्ग मोकळा केला. 1880 साली चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, आगरकर पुढल्याच वर्षी त्यांना मिळाले, आणि 1884त डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. या मंडळींनी खासगी शाळेला जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती निर्विवाद आहे. परंतु 1882च्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन सादर केले ते विसरून हा इतिहास सांगणे म्हणजे ताळेबंदाची एकच बाजू वाचणे होय. शेतकऱ्यांच्या साऱ्यातून जमलेला पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची हेळसांड होते, ही त्यांची तक्रार होती. आणि ज्यांना वर्गणी देणे परवडत नाही त्यांच्या मुलांचे काय, हा तिच्यातून निघणारा प्रश्न आजच्या सहल-शुल्काच्या कागदालाही तितकाच लागू पडतो.

महाविद्यालयांतून ‘गॅदरिंग’ची प्रथा शाळांत उतरली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचे रूप बरेचसे कायम झाले : अध्यक्षांची निवड, अहवालवाचन, बक्षिसे, नाटिका, आणि शेवटी ज्याची सारे वर्षभर वाट पाहत ते शेलापागोटे किंवा फिशपाँड. यांपैकी अहवालवाचनाकडे कोणीही लक्ष देत नाही. तरी एखाद्या गावाचा सामाजिक इतिहास लिहावयाचा झाला तर त्या पिवळ्या पडलेल्या अहवालांइतके विश्वसनीय साधन क्वचित सापडेल, कारण विहिरीला कठडा कोणी बांधून दिला आणि कोणत्या वर्षी प्लेगने वा टंचाईने हजेरी घटली, हे तेथेच नोंदलेले असते. शेलापागोट्यांचे महत्त्व निराळे. वर्षातून एका संध्याकाळी मुलाला मास्तरांची जाहीर थट्टा करण्याची मुभा होती, आणि ती थट्टा मास्तर पहिल्या रांगेत बसून ऐकत. शिस्तीच्या राज्यातील ही एक प्रकारची जामीनमुक्तता होती.

समारंभापेक्षा नित्याच्या सहजीवनात शाळेचे प्राण असतात असे मानणारी दुसरीही एक परंपरा आपल्याकडे होती. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात, खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या त्या खासगी शाळेत, साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात शिक्षक होते आणि छात्रालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. तेथे ते मुलांसाठी स्वहस्ते एक दैनिक लिहून काढीत. छापखाना नाही, वर्गणीदार नाहीत, प्रत एकच. आणि तरीही रोज नवा अंक. आज अनेक शाळांतून वार्षिक हस्तलिखिताची जी प्रथा चालते ती याच कुळातली, मात्र तिचा अंक बहुधा पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशित होऊन कपाटात जातो.

या साऱ्या वारशाला उल्हास खोऱ्यात आल्यावर जे वळण मिळाले ते पुण्याच्या पेठांत मिळणे शक्य नव्हते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत 1947 नंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, 8 ऑगस्ट 1949 रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिला उल्हासनगर हे नाव दिले, तथापि लोक आजही ‘कॅम्प नंबर चार’ असाच पत्ता सांगतात. घर गेले, जमीन गेली, मुलूखच गेला. सोबत आली ती भाषा, देवता आणि शिकण्याची निकड. ज्या बराकींत सैनिक झोपत त्या बराकींत माणसे राहिली आणि मुलांचे वर्गही भरले. सिंधी भाषेचा घटनेच्या आठव्या परिशिष्टात समावेश झाला तो 1967 साली. तोवर, आणि त्यानंतरही, ती भाषा सार्वजनिक रीतीने बोलली-गायली जाण्याच्या मोजक्या जागांत शाळेचा मंच ही एक होती. चेटीचंडाचा कार्यक्रम गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला लागून येतो, एकाच संमेलनात सिंधी छेज आणि मराठी लेझीम एकापाठोपाठ होतात, आणि दोन्हींत मुले मात्र सरमिसळ असतात. प्रांतांच्या ऐक्यावर आपल्याकडे व्याख्याने पुष्कळ झाली. त्यांपेक्षा या रंगीत तालमींनी अधिक काम केले असे माझे मत आहे.

अंबरनाथला विमकोच्या आगपेट्यांनी आणि शस्त्रसामग्रीच्या कारखान्याने कामगार आणले. बदलापूर त्यामानाने अलीकडचे. त्याची स्वतंत्र नगरपरिषदच 1992ची. तेथे पहाटेची लोकल गाठून रात्री परतणारा पालक शाळेला वर्षातून दोनदाच पाहतो, प्रवेशाच्या वेळी आणि संमेलनाला.

आणि सहल? ती पुष्कळदा बारवीच्याच बाजूला निघते. पावसाळ्यात धरण व धबधबे यांच्या परिसरात जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई हुकूम असतो, तेव्हा ती हिवाळ्यात ठरते, आणि ते योग्यच आहे. मुले भिंतीकडे पाहतात, डबे उघडतात, गाण्याच्या भेंड्या लावतात. पण आपण रोज पितो ते पाणी ज्यांच्या खाचरांवर साठले आहे त्या पाड्यांचा उल्लेख शिक्षकांनी करावा, पुनर्वसित कुटुंबातील एखाद्या वृद्धाला तासभर बोलते करावे, असे सहलीच्या कागदावर मी अजून छापलेले पाहिले नाही.

वर्गणीदार हा शाळेचा भागीदार होता. शुल्क भरणारा पालक ग्राहक झाला, आणि ग्राहकाला कार्यक्रम दाखविला जातो, कारभार नव्हे. हा बदल हळूहळू झाला म्हणून जाणवला नाही. एका शाळेतील बालिकांवरील अत्याचाराच्या संतापाने 20 ऑगस्ट 2024 रोजी बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले, तेव्हा त्या गर्दीतल्या अनेक आईबापांना आपल्या मुलांच्या शाळेतील कारभाऱ्यांची नावेही ठाऊक नसतील. वास्तविक 2011च्या शुल्क विनियमन कायद्याने प्रत्येक खासगी शाळेत शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत पालक-शिक्षक संघ स्थापन करणे बंधनकारक केले आहे, त्याची कार्यकारी समिती सोडत काढून निवडावयाची आहे आणि शुल्काचा प्रस्ताव तिच्यापुढेच येतो. ही सोडत पुष्कळ ठिकाणी ओस पडलेल्या खोलीत निघते. संमेलनाला जागा धरण्यासाठी तासभर आधी येणाऱ्या पालकांनी येत्या जून-जुलैत त्या सोडतीच्या दिवशीही हजर राहावे, आपल्या नावाची चिठ्ठी डब्यात पडली की नाही हे स्वतः पाहावे, आणि नाव निघाल्यास पहिल्याच सभेत जमाखर्चाची वही मागावी.