ड्रॅग शर्यतीचा स्टॉक गट : दुर्मिळ कारखानी गाड्यांची पात्रता

जागच्या जागी उभ्या गाडीने सुटायचे आणि सरळ रस्त्यावरचा पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, कमीत कमी वेळात कापायचा, या खेळाला ड्रॅग शर्यत म्हणतात. मुंबईच्या मध्य रेल्वेवरील आंबिवली स्थानकात थांबणाऱ्या बारा डब्यांच्या लोकलची लांबी घेतली, तर तिच्या दीडपटीहून थोडे जास्त एवढेच हे अंतर. त्यात वळण नाही, चढउतार नाही. म्हणूनच चालकापेक्षा गाडीचा हिशेब जास्त होतो. ‘स्टॉक’ गटात गाडी कारखान्यातून निघाली तशी असावी लागते. नियम ऐकायला सोपा आहे. त्याची पंचाईत होते ती कारखान्यानेच शर्यतीवर डोळा ठेवून मोजक्या, जास्त ताकदीच्या गाड्या काढल्या की. पन्नास-साठ नगांचे उत्पादन ‘स्टॉक’ म्हणायचे का? आयोजकांनी याचे उत्तर बहुधा संख्येत शोधले : अमुक इतके नग बनले असतील तर गाडी पात्र. हे उत्तर सोयीचे आहे, पण पक्के नाही. गाडी कोणत्याही गिऱ्हाइकाला, रस्त्यावर चालवता येईल अशा कागदांसह विकली गेली होती का, आणि आज रेषेवर उभी असलेली गाडी त्या कागदांशी जुळते का, हीच खरी कसोटी ठरते. दुर्मिळपणा हा गुणही नव्हे आणि दोषही नव्हे.

या वादाचा उगम अमेरिकेत आहे. वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये स्थापन केलेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने स्टॉक गाड्यांचे पोटगट वजन भागिले अश्वशक्ती या गुणोत्तरावर पाडले. साहजिकच कंपन्यांचा कल कागदावर ताकद कमी दाखवण्याकडे झुकला. फोर्डने १९६८ मध्ये ४२८ घनइंची ‘कोब्रा जेट’ मस्टँग आणली आणि तिची अश्वशक्ती ३३५ जाहीर केली. त्याच वर्षी पोमोना येथील विंटरनॅशनल्स स्पर्धेत अल जोनिक यांनी अशाच गाडीवर ‘सुपर स्टॉक’ या स्टॉकपेक्षा मोकळ्या गटाचे विजेतेपद मिळवले, तेव्हा त्या आकड्यावर कोणाचाही विश्वास उरला नाही. शेवरलेची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९६९ च्या मॉडेलसाठी इलिनॉय राज्यातील ला हार्प या छोट्या गावचे विक्रेते फ्रेड गिब यांनी कंपनीच्या ‘सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर’ (कोपो) या, खरे तर टॅक्सी आणि सरकारी गाड्यांच्या घाऊक मागण्यांसाठी असलेल्या वाटेने ५० कॅमेरो मागवल्या. त्यांत पूर्ण ॲल्युमिनियमचे ४२७ घनइंची ‘झेडएल-१’ इंजिन बसवायचे होते. पन्नासच का, तर संघटनेची किमान संख्या तेवढी होती म्हणून. जाहीर अश्वशक्ती ४३०, प्रत्यक्षात बरीच जास्त. किंमत मात्र ७,२०० डॉलरांच्या वर गेली. साध्या कॅमेरोच्या दुपटीहून अधिक. गावच्या शोरूममध्ये एवढ्या महाग गाड्या खपेनात, आणि गिब यांनी बहुतेक गाड्या कंपनीला परत केल्या. इतर विक्रेत्यांच्या मागण्या धरून एकूण ६९ बनल्या. म्हणजे जी संख्या ‘लोकांनी विकत घेतलेली गाडी’ याचा पुरावा म्हणून नियमात आली होती, ती एका विक्रेत्याच्या एका मागणीपत्राने पुरी झाली, आणि लोकांनी तर गाडी फारशी घेतलीच नाही. संख्येची कसोटी किती पोकळ आहे हे दाखवायला दुसऱ्या उदाहरणाची गरज नाही.

तरीही झेडएल-१ स्टॉक गटात बसते असेच म्हणावे लागेल. तिला नंबरप्लेट मिळत होती, कंपनीची वॉरंटी होती, आणि पैसे मोजणारा कोणीही ती मागवू शकत होता. याउलट दुसऱ्याच एका कंपनीच्या, १९६८ च्या हेमी डार्ट आणि हेमी बाराकुडा पाहा. दोन्ही मिळून दीडशेच्या आसपास, म्हणजे संख्येने झेडएल-१ च्या दुप्पट. पण त्यांची पुढची मडगार्डे आणि बॉनेट फायबरग्लासचे होते, दारांचा पत्रा आम्लात बुडवून पातळ केलेला होता, खिडकीची काच फिरवायला हँडल नव्हते तर ओढायला पट्टा होता. पुढच्या सीट कंपनीच्या ए-१०० व्हॅनमधून उचललेल्या, मागची सीट नाहीच, आणि रंगाच्या नावाने अर्धवट प्रायमर. गाडी सार्वजनिक रस्त्यावर वापरण्यासाठी नाही अशी सूचना कंपनीनेच चिकटवली होती आणि वॉरंटीतून हात झटकले होते. कंपनी स्वतःच सांगते आहे की ही रस्त्यावरची गाडी नव्हे, तर शर्यतीच्या आयोजकाने तिला स्टॉक का म्हणावे? पुढे या गाड्यांसाठी सुपर स्टॉकमध्ये ‘ए-हेमी’ असा जवळजवळ स्वतंत्र सुभाच तयार झाला, आणि इंडियानापोलिसला त्या आपसात भिडू लागल्या. अनुभवाने आयोजकांना जे उमगले ते पहिल्यापासून कागदांवरून ठरवता आले असते. अलीकडचे कोब्रा जेट (२००८, ५० नग) आणि कोपो कॅमेरो (२०१२, जुन्या आकड्याच्या आठवणीने मुद्दाम ६९ नग) याच कारणाने अडचणीचे आहेत. नोंदणीच होऊ शकत नाही अशी गाडी स्टॉक गटात उतरवणे म्हणजे शब्दाचा मान ठेवून अर्थाला सुट्टी देणे.

महाराष्ट्रात व्ही-८ इंजिनाच्या मसल कार कधी बनल्या नाहीत. पण मोजक्या नगांच्या, जास्त ताकदीच्या कारखानी गाड्या बनल्या, आणि त्यातल्या एकीचा जन्म मध्य रेल्वेच्या मार्गावरच, कुर्ल्यात झाला. प्रीमियर पद्मिनी जिथे बनत असे त्याच आवारात फियाटने २००१ मध्ये पालिओ काढली. तिचे ‘१.६ जीटीएक्स’ हे रूप १०० अश्वशक्तीचे होते. त्या काळच्या भारतीय हॅचबॅकमध्ये ही ताकद अपवादात्मक होती. पेट्रोल इतके प्यायची की गिऱ्हाइकाने तिच्याकडे पाठच फिरवली, आणि त्यामुळेच ती दुर्मिळ झाली. फियाटची वस्ती रांजणगावला हलल्यावर २०१५ साली तिथून अबार्थ पुंटो आली : १.४ लिटर टर्बो पेट्रोल, १४५ अश्वशक्ती, दहा लाखांच्या आतली शोरूम किंमत. तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला जोडणी होणाऱ्या स्कोडा ऑक्टाव्हियाचे ‘आरएस’ रूप त्याआधीच, २००४ मध्ये आले होते. आणि २०१६ मध्ये फोक्सवॅगनने तीन दारांची पोलो जीटीआय परदेशातून तयार आणून विकायला काढली, ती जेमतेम ९९ नगांची घोषणा करून. चारही गाड्या कोणत्याही गिऱ्हाइकाला मिळत होत्या, चारींची परिवहन कार्यालयात नोंदणी होत होती. झेडएल-१ ला जो न्याय, तोच यांना.

भारतातील ड्रॅग स्पर्धांत, मग त्या पुणे जिल्ह्यातील ॲम्बी व्हॅलीच्या खासगी धावपट्टीवर झालेल्या ‘व्हॅली रन’सारख्या असोत की इतरत्र, गट मुख्यतः घनक्षमतेवर पाडले जातात : इतक्या सीसीपर्यंत, त्यापुढे इतक्यापर्यंत, पेट्रोल वेगळे, डिझेल वेगळे, भारतीय आणि परदेशी वेगळे. टर्बो येईपर्यंत हे चालून जाण्यासारखे होते. सुमारे १,६०० सीसीपर्यंतच्या एका गटात होंडा सिटीची १.५ व्हीटेक (१०६ अश्वशक्ती) आणि पालिओ जीटीएक्स (१००) शेजारी उभ्या राहिल्या तर लढत बरोबरीची. त्यांच्या बाजूला १,४०० सीसीची अबार्थ आणून लावा. सीसीने धाकटी, ताकदीने थोरली. तिला बाहेर काढा असे ओरडणाऱ्याची तक्रार खरी आहे, पण उपाय चुकीचा आहे; दोष गाडीच्या दुर्मिळपणात नसून गट पाडायच्या मापात आहे. वजन आणि अश्वशक्तीचे गुणोत्तर धरले की ती आपोआप वरच्या गटात जाते आणि कोणावर अन्याय होत नाही. शिवाय फियाटचे हेच १.४ टी-जेट इंजिन लिनीआमध्ये ११४ अश्वशक्तीचे होते. सीसी तीच, ताकदीत ३१ चा फरक. बिल्ल्यावर विसंबणे तर त्याहून धोक्याचे : युरोपात पहिल्या ऑक्टाव्हिया आरएसची ताकद १८० अश्वशक्ती होती, भारतात त्याच बिल्ल्याखाली १५० मिळाली. परदेशी माहितीपत्रक दाखवून एखाद्याने ३० अश्वशक्ती ‘स्टॉक’ म्हणून चढवली तर सीसी मोजणाऱ्या तपासनिसाला काही कळायचे नाही.

दुचाकींत हा प्रश्न चारचाकींच्या कितीतरी आधी उभा राहिला होता. यामाहाच्या परवान्याने एस्कॉर्ट्सने फरिदाबादला १९८३ पासून बनवलेली राजदूत ३५० ही भारतीय ड्रॅगची खरी मसल गाडी. सुरुवातीच्या ‘हाय टॉर्क’ गाडीची ताकद साडेतीस अश्वशक्ती होती. इंधनाच्या तक्रारी वाढल्यावर आलेल्या ‘लो टॉर्क’ गाडीची २७. बाहेरून पाहिले तर सख्ख्या बहिणी. मेकॅनिक मंडळी एचटी आणि एलटी ओळखतात ती मुख्यतः सिलिंडरवरून आणि त्यातल्या पोर्टांवरून. एलटीच्या चासीवर एचटीचे सिलिंडर चढवले तर भाग सगळे कंपनीचेच, गाडी मात्र कंपनीने कधी बनवलीच नव्हती अशी. आरसी बुकात इंजिन नंबर आणि चासी नंबर असतो, घनक्षमता असते. सिलिंडर कोणते ते नसते. म्हणून ‘ओरिजिनल पार्ट’ एवढ्यावर भागत नाही. कोणत्या वर्षी, कोणत्या रूपात कोणते भाग एकत्र निघाले, हा ताळा लागतो.

हा ताळा ठेवण्याची सोय महाराष्ट्रातच आहे, हे आयोजकांनी फारसे लक्षात घेतलेले दिसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ नुसार भारतात विकायच्या प्रत्येक वाहन-प्रकाराला चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र लागते, आणि १९६६ पासून पुण्यात काम करणारी ‘एआरएआय’ ही त्यातली एक प्रमुख संस्था. गाडीचे वजन, इंजिनाची ताकद, भागांचे तपशील कंपनीने लिहून द्यावे लागतात. अमेरिकन संघटनेला स्वतःची वर्गीकरण पुस्तिका दशकानुदशके जुळवावी लागली; इथे सरकारी कायद्यानेच तशा नोंदीचा पाया घातलेला आहे. आणखी एक गोष्ट इथे वेगळी आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत फेरबदल करायला मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही मनाई ठामपणे उचलून धरली. त्यामुळे एमएच-०५ क्रमांकाची, कल्याणला नोंदलेली आणि रोज रस्त्यावर धावणारी गाडी कायद्याने स्टॉकच असली पाहिजे. अमेरिकेत स्टॉक हा खेळाचा नियम आहे, भारतात तो रस्त्याचाही नियम आहे.

यावर पहिला आक्षेप पैशाचा घेतला जातो : दुर्मिळ गाडी परवडणारा श्रीमंत जिंकणार, अल्टोवाल्याने काय करायचे? गुणोत्तराचे पोटगट हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे अमेरिकन स्टॉक गटाच्या बाद फेऱ्यांच्या पद्धतीत सापडते. प्रत्येकाने आपली गाडी किती सेकंदांत धावेल ते आधी लिहून द्यायचे, संथ गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडायचे, आणि लिहून दिलेल्या वेळेपेक्षा कमी वेळात कोणी पोहोचला तर तो बाद. या पद्धतीत अल्टो अबार्थला हरवू शकते आणि तिथे पैशापेक्षा सुटण्याची अचूकता मोलाची ठरते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कंपनीचे आकडेच खोटे असतील तर कागदाला कवटाळून काय उपयोग? कोब्रा जेटच्या ३३५ चा दाखला इथे उलटा अंगावर येतो. त्यावर उत्तर एवढेच की कागद हा आरंभबिंदू मानायचा, अंतिम शब्द नव्हे. अमेरिकन संघटना प्रत्यक्ष वेळा पाहून गाड्यांची अश्वशक्ती आपल्या पुस्तिकेत वाढवते; कंपनीने ४३० सांगितले म्हणून तेवढ्यावर थांबत नाही. मात्र त्यासाठी वर्षानुवर्षांच्या वेळांची व्यवस्थित नोंद हवी, आणि भारतात विखुरलेल्या आयोजकांमुळे ती एका जागी साठत नाही. भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लब महासंघाने हे काम अंगावर घेतले तर दुर्मिळ गाड्यांवरची निम्मी भांडणे रेषेवर येण्याआधीच मिटतील.

तिसरा आक्षेप तपासणीचा, आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. सिलिंडर उघडून पाहता येतो, कॅमशाफ्टची उचल मोजता येते. टर्बो गाडीच्या इंजिन संगणकात केलेला ‘रिमॅप’ डोळ्यांना दिसत नाही. अबार्थ, जीटीआय, आरएस या तिन्ही गाड्या नेमक्या याच जातीच्या, त्यामुळे अशा दुर्मिळ गाड्यांवर संशय आधी येतो. पण साधी पोलो टीएसआय किंवा गल्लोगल्ली दिसणारी टर्बो डिझेलही तितक्याच सहज रिमॅप होते. मूळ सॉफ्टवेअरची आवृत्ती तपासणे किंवा तपासनिसाच्या हाताने ती पुन्हा भरणे हा खर्चिक पण शक्य मार्ग आहे. विजेच्या गाड्यांनी हा पेच आणखी वाढवला आहे. त्यांना सीसी नाही, म्हणून जुने गट त्यांना लागूच पडत नाहीत. आणि काही कंपन्या गाडी विकल्यानंतर सॉफ्टवेअर अपडेटने ताकद वाढवून देतात. अशा गाडीचे ‘स्टॉक’ रूप शोरूममधून निघाली त्या दिवशीचे धरायचे की शर्यतीच्या सकाळचे, याचा निर्णय कोणत्याही आयोजकाला नियमावलीत तारखेसह लिहूनच ठेवावा लागेल.