विजेवरची मोटार केव्हा बदलावी?

चालक-साह्य यंत्रणा म्हणजेच 'एडास' असलेल्या नव्या मोटारी आल्याने जुनी विद्युत मोटार बदलावी का, असा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे आहे. त्याचे उत्तर मोटारीच्या वयापेक्षा रोजच्या रस्त्यावर अवलंबून आहे.

जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीत ही यंत्रणा नव्हती. आवश्यक कॅमेरा वा रडार नसलेल्या मोटारीत ती केवळ नव्या सॉफ्टवेअरने येत नाही.

रायगडला मुंबईशी जोडणाऱ्या, २०२४ मध्ये खुल्या झालेल्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूवर मार्गिकांचे पट्टे स्पष्ट आहेत. तेथे वेग व मार्गिका राखणारी सोय उपयोगी पडते. अलिबाग-मुरूडच्या अरुंद, वळणदार रस्त्यावर, विशेषतः मुसळधार पावसात, कॅमेऱ्याला पट्टे ओळखणे अवघड जाते. आपत्कालीन स्वयंचलित ब्रेकचा आधार तेथेही मिळू शकतो. मात्र 'लेव्हल २' यंत्रणेतही जबाबदारी चालकाचीच राहते.

सेतूवरून रोज ये-जा असल्यास बदलाचा विचार करावा. अन्यथा बॅटरीची हमी संपत येईपर्यंत थांबण्यास हरकत नाही. नेक्सॉनसाठी ती ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर होती. नवी मोटार घेण्यापूर्वी चाचणी फेरी मात्र आपल्या नेहमीच्या रस्त्यावरच घ्यावी.