आइनस्टाइनला हरवणारी मुलं आणि धारवाडचे कामत

दर काही महिन्यांनी एक बातमी फिरते. दहा-बारा वर्षांचं मूल, हातात मेन्साचं सर्टिफिकेट आणि वर ठरलेलं हेडिंग: 'बुद्ध्यांक १६२, आइनस्टाइनलाही टाकलं मागे!' आइनस्टाइनने अशी परीक्षा दिल्याची कुठेही नोंद नाही, तरी तो बिचारा दर वेळी हरतो. आणि आम्ही पत्रकार मंडळी ते छापतो.

आधी या १६२ चं गौडबंगाल सांगतो. ब्रिटनच्या मेन्साने वर्षानुवर्षं कॅटेलची चाचणी वापरली. तिची मोजपट्टी इतरांपेक्षा ताणलेली आहे. तिथले १४८ म्हणजे इतर बहुतेक चाचण्यांवरचे साधारण १३०. दोन्हींचा अर्थ एकच, शंभरातल्या वरच्या दोघांत नंबर. १६२ हा त्या चाचणीत मुलांना मिळू शकणारा सगळ्यात मोठा आकडा, इतरत्र तो १३९ च्या आसपास भरेल. पोरगं हुशार आहेच, त्यात वाद नाही. पण गुंठ्यातली जमीन चौरस फुटात सांगितली की मोठी वाटते, तसं आहे हे.

मेन्सा म्हणजे लॅटिनमध्ये टेबल. १९४६ साली ऑक्सफर्डमध्ये रोलंड बेरिल आणि लान्सलॉट वेअर या दोघांनी ही संस्था काढली. अट एकच, चाचणीत वरच्या २ टक्क्यांत या. जात, धर्म, पैसा, डिग्री काही विचारायचं नाही. बेरिलसाहेबांच्या डोक्यात मात्र बुद्धिमंतांचा उमराववर्ग होता. बरेचसे सभासद साध्या घरांतले निघाले म्हणून ते नाराज झाले होते म्हणे! पुढे संस्था वाढवली ती व्हिक्टर सेरेब्रियाकॉफ या लाकडाच्या धंद्यातल्या, शाळा लवकर सुटलेल्या माणसाने. ही चाचणीची चांगली बाजू, आणि ती मान्य करायलाच हवी. आपल्याकडेही पुण्यात मेन्साच्या कामातून आदिवासी मुलांमधली हुशार मुलं शोधण्याचा प्रयत्न झाला.

पण या परीक्षांचं मूळ ऑक्सफर्डात नाही, पॅरिसमध्ये आहे. १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी पहिली चाचणी तयार केली. कशासाठी? वर्गात मागे पडणारी, जास्त मदतीची गरज असलेली मुलं ओळखण्यासाठी. हुशार मुलांना बिल्ले वाटण्यासाठी नाही. बुद्धी जन्माला येतानाच ठरलेली असते, हे म्हणणंच बिनेला मान्य नव्हतं.

१९११ साली बिने गेला. चाचणी त्याआधीच अमेरिकेत पोचली होती. तिथे हेन्री गोडार्डने ती एलिस बेटावर बोटीतून उतरलेल्या स्थलांतरितांवर चालवली. भाषा येत नाही, प्रवासाने थकलेले, आणि शिक्का कसला? मंदबुद्धी. १९१६ साली लुइस टर्मनने तिची स्टॅनफर्ड आवृत्ती काढली. हे दोघंही 'चांगली पैदास' मानणाऱ्या सुप्रजननवादी गटातले. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली, तिच्यावरही 'मंदबुद्धी' हाच शिक्का होता. मदतीसाठी केलेली पट्टी वीस-बावीस वर्षांत अशी वापरली गेली.

आता आपल्याकडे येऊ. टर्मनची हीच आवृत्ती धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामतांनी हातात घेतली. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. १९३० च्या दशकात त्यांनी कानडी आणि मराठी मुलांवर ती तपासून आपल्या मुलांना समजेल अशी चाचणी बसवली. परक्या मुलांची पट्टी आपल्या मुलांना लावायची नाही, एवढं तरी त्यांनी पाहिलं. कामतांचं नाव मेन्साच्या बातमीत कधी येत नाही. पण बिने-कामत चाचणी आजही जिवंत आहे. बौद्धिक अपंगत्वाचं निदान करताना ती आजही वापरतात.

म्हणजे बिनेचं मूळ काम आपल्याकडे चालू आहे, फक्त त्याच्या बातम्या होत नाहीत. दाखल्यासाठी बुद्ध्यांक ७० च्या खाली आहे का ते बघतात, शिवाय मूल रोजचे व्यवहार कसे करतं हेही तपासतात. त्या कागदावर पेन्शन, प्रवासाची सवलत, शाळेतली सोय अवलंबून असते. अध्ययन अक्षमतेमुळे दहावीला सवलत हवी तरी बुद्ध्यांक मोजावा लागतो. या चाचणीसाठी तालुक्यातले आईबाप रोजगार बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालतात. मानसशास्त्रज्ञ कोणत्या वारी असतात ते तिथे गेल्यावर कळतं. आणि कामतांनी ज्या मुलांवर मोजमाप बसवलं ती नव्वद वर्षांपूर्वीची, म्हणजे आजच्या मुलांची तुलना त्यांच्या पणजोबांच्या वयाच्या मुलांशी. हे जुनं झालंय, असं या क्षेत्रातले लोकच म्हणतात.

मेन्साची परीक्षा ज्यांना द्यायची त्यांनी जरूर द्यावी, पोरांना मजा येते. मला दुसरी माहिती हवी आहे. तुमच्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात दाखल्यासाठीची बुद्ध्यांक चाचणी कुठे होते, कोणत्या वारी, किती फेऱ्या माराव्या लागल्या, हे कळवा. मुलाचं नाव लिहू नका. गावनिहाय यादी करून इथेच टाकतो.