पंचाच्या पांढऱ्या डगल्याची गोष्ट

क्रिकेटचे वर्णन ऐकताना आपण खेळाडूंची नावे पाठ करतो. उन्हात दिवसभर उभा राहणारा पंच मात्र चुकला तरच आपल्याला आठवतो. म्हणून भगिनींनो, यंदा त्याच्याविषयी चार शब्द लिहिते.

पूर्वी कसोटी सामन्याचे दोन्ही पंच यजमान देशाचेच असत. निर्णय पाहुण्यांविरुद्ध गेला की पक्षपाताचा आरोप ठरलेला. त्यांच्या बाजूने गेला की घरचे प्रेक्षक खवळत. सासर-माहेर दोन्हीकडून बोलणी खाणाऱ्या सुनेची दशा याहून वेगळी ती काय!

ही कोंडी फुटावी म्हणून पाकिस्तानचे कर्णधार इमरान खान यांनी त्रयस्थ पंचांचा आग्रह धरला. नोव्हेंबर 1986 मध्ये लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज सामन्यात दोन भारतीय पंच उभे राहिले. एक आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर, दुसरे व्ही. के. रामस्वामी. 1912 सालची इंग्लंडमधील तिरंगी स्पर्धा सोडली, तर असे पूर्वी घडले नव्हते. रिपोर्टर हे वीज मंडळात नोकरीला होते. पंचगिरी म्हणजे काही पोटापाण्याचा उद्योग नव्हता. भारत-पाकिस्तानचे नाते कसे, हे सांगायला नको. तरी त्यांनी भारतीयांच्याच शब्दावर खेळ सोपवला, याचे मला फार नवल वाटते.

पण साधारण वर्षभरानंतर, डिसेंबर 1987 मध्ये, फैसलाबादला इंग्लंडचे कर्णधार माइक गॅटिंग आणि पाकिस्तानी पंच शकूर राणा यांची मैदानातच बाचाबाची जुंपली. माफी मिळेपर्यंत राणा मैदानात उतरेनात. एक अख्खा दिवस खेळ बुडाला आणि अखेर गॅटिंगना माफीची चिठ्ठी लिहून द्यावी लागली. राणांचे सारेच वागणे बरोबर होते असे मी म्हणणार नाही. पण कामाच्या जागी मान राखून घ्यायला माणसाला अडून बसावे लागावे, हे बरे नव्हे.

नोव्हेंबर 1992 मध्ये डर्बनला दूरदर्शनच्या पडद्यावरून पहिला निर्णय झाला, आणि धावबाद ठरले ते आपले सचिन तेंडुलकर! 1994 पासून कसोटीत एक पंच त्रयस्थ देशाचा आला, 2002 पासून दोन्ही. त्याच साली निवडक पंचांना आंतरराष्ट्रीय परिषदेने पगारी नेमले.

बायकांची पाळी याहून उशिरा आली. जानेवारी 2023 मध्ये गोव्यात पर्वरीला, गोवा-पुदुचेरी रणजी सामन्यात मुंबईकडच्या वृंदा राठी पंच म्हणून उभ्या राहिल्या. त्याच सुमारास जननी नारायणन आणि गायत्री वेणुगोपालन याही दुसऱ्या मैदानांवर होत्या. वृंदाताई आधी धावा लिहिण्याचे काम करीत. रणजी स्पर्धा सुरू झाली 1934 साली. म्हणजे तिथे बाईला पंचाचा डगला मिळायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली.