घरची वीज आणि घरचें संगीत

रेडिओ प्रथम घरांत आला, तो भिंतींतील विजेवर चालत आला नाहीं. १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यानें व्हॉल्व्हमध्यें जाळी बसविली, आणि क्षीण विद्युत्-संदेश मोठा करण्याची किल्ली मनुष्याच्या हातीं आली. तथापि १९२० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत हीं यंत्रें बॅटऱ्यांवरच चालत. एक बॅटरी व्हॉल्व्हची तार तापवी. दुसरी त्याच्या पत्र्यास ४५ ते ९० व्होल्टचा दाब पुरवी. त्यांची दगदग फार. आम्ल सांडे तें निराळेंच. परंतु बॅटरीच्या विजेंत एक थोर गुण होता: ती शांत होती.

घरांत वीज असतां बॅटरी कशाला, हा प्रश्न ओघानेंच निघाला. अडचण अशी कीं, ए. सी. वीज क्षणोक्षणीं दिशा पालटते. ती तशीच व्हॉल्व्हला दिली, तर गाण्याहून तिची घरघरच अधिक ऐकूं येते. टोरोंटो येथील एडवर्ड रॉजर्स या तरुणानें १९२५ सालीं बॅटरीवांचून चालणारा रेडिओ विक्रीस आणला. तेथील वीज त्या काळीं सेकंदाला २५ च आवर्तनें करी. भारतांत तीं ५० असतात. आवर्तनें जितकीं सावकाश, तितकी घरघर गाळणें कठीण. यावर तोड निघाली ती अशी. तापणारी तार व इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड निराळे केले. पत्र्याकडे जाणारी वीज अगोदर एकदिश करून कंडेन्सर व चोक यांच्या गाळणींतून नेली. वीज निवळण्याचें काम अशा रीतीनें यंत्राच्या पोटांतच होऊं लागलें.

पुढचें पाऊल हॅरल्ड ब्लॅक या अभियंत्यानें टाकलें. २ ऑगस्ट १९२७ रोजीं हडसन नदी ओलांडतांना, नौकेवर असतांनाच, त्यानें वर्तमानपत्राच्या पानावर एक आकृति काढली. अॅम्प्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या ध्वनीचा अंश उलटवून पुन्हां आंत सोडावा, म्हणजे यंत्राचे दोष आपोआप कमी होतात, हें तिचें सार. १९४७ सालीं विल्यमसन यानें याच तत्त्वावर आपला प्रसिद्ध १५ वॉटचा घरगुती अॅम्प्लिफायर योजला.

हा इतिहास ध्यानांत घेतला म्हणजे आज महाग किंमतीस विकल्या जाणाऱ्या पॉवर कंडिशनरचें मोल ठरवितां येतें. चांगल्या अॅम्प्लिफायरमध्यें गाळणी असतेच. तिच्या अलीकडे दुसरी बसवून स्वरांत माधुर्य येईल, ही आशा बहुधा व्यर्थ होय. उलट अपायहि संभवतो. अॅम्प्लिफायरचा कंडेन्सर विजेच्या प्रत्येक लाटेच्या माथ्यावर, अल्पकाळच, परंतु मोठ्या घोटानें भरतो. कंडिशनर तोकडा असेल तर तो घोट अडतो, आणि तबल्याची जोरकस थाप पडतेवेळीं यंत्र दुबळें ठरतें.

मात्र विजेचा दाब वारंवार कोसळत असेल, अकस्मात् उसळत असेल, किंवा शेजारच्या मोटारीची खरखर तारेंतून येत असेल, तेथें योग्य उपकरण खचित उपयोगी पडतें. दाबाला स्टॅबिलायझर, उसळीला संरक्षक, खरखरीला गाळणी: ज्या रोगाला जें औषध, तेंच द्यावें. रोग आहे किंवा नाहीं याची परीक्षाहि सोपी आहे. घरांतील एकानें उपकरण कधीं जोडावें, कधीं काढावें. आवाजाची पातळी तीच ठेवावी. दुसऱ्यानें न पाहतां ऐकावें. ज्यास फरक ओळखतां येत नाहीं, त्यानें तो पैसा गाण्याच्या नव्या तबकड्यांवर खर्चावा.